वर्गणीवर चालणारा क्लब

ताई, नमस्कार.

मी काळाचौकीचा. वय २४, फॉरवर्ड खेळतो. शाळेपासून हॉकी, मग कॉलेज, मग खेळाडू कोट्यातून नोकरी. ऑगस्टमध्ये दहा महिन्यांची बिनपगारी रजा टाकून जर्मनीतल्या एका क्लबकडे आलो. एका एजंटनं जमवून दिलं, त्याला दीड लाख दिले. त्यातला एक लाख आईनं पतपेढीतून कर्ज काढून दिला. व्हिडिओ कॉलवर कोच म्हणाले होते, तू आमचा मेन स्ट्रायकर. राहणं फुकट, महिन्याला सहाशे युरो, सायकल, आणि लहान मुलांना 'थोडंसं' शिकवायचं.

इथे येऊन बघतो तर क्लब तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये. खोलीत अर्जेंटिनाचा एक मुलगा सोबत आहे. हातात साडेचारशेच येतात, बाकीचे वीज आणि हीटरचे म्हणून कापतात. आठवड्यातल्या चार संध्याकाळी दहा-दहा वर्षांच्या मुलांना शिकवतो, आमची स्वतःची ट्रेनिंग मात्र तीनदाच. मॅचमध्ये सहा-सात मिनिटांत बाहेर काढतात. ड्रिबल केलं की कोच ओरडतात. टीममधली मुलं पास देत नाहीत. आता मैदान बंद होऊन हॉलमधली हॉकी सुरू झालीय आणि त्या टीममध्ये माझं नावच नाही.

घरी काहीच सांगितलेलं नाही. निघताना आईनं अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. मी इन्स्टावर टर्फचे फोटो टाकत राहतो. काल साडेचारलाच अंधार पडला. खोलीत बसून राहिलो, जेवायचीही इच्छा झाली नाही. ख्रिसमसच्या सुट्टीत कायमचं परत यावं का? लोक काय म्हणतील?

– काळाचौकीचा फॉरवर्ड

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचताना मी दीड लाखांच्या ओळीवर थांबले आणि बराच वेळ पुढे गेलेच नाही. कोच, ड्रिबल, हॉल हे सगळं मागाहून. पतपेढीचा हप्ता सध्या कोण भरतंय, हे तू लिहिलेलं नाहीस. तुझा पगार बंद आहे, साडेचारशे युरोत तिकडे राहून तू घरी फारसं काही पाठवू शकत नसशील. म्हणजे आईच भरत असणार. म्हणून पहिलं काम हे कर. एजंटला पैसे दिल्याचा जो काही पुरावा असेल, बँकेची नोंद, यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, तो सगळा एका जागी जमव. मग टीमच्या मॅनेजरला सरळ विचार: मी या माणसाला भारतात पैसे दिलेत हे तुम्हाला ठाऊक आहे का? तुम्हीही त्याला काही दिलंत का? माझ्या ओळखीच्या एका मुलीनं असं विचारलं तेव्हा तिच्या क्लबला धक्काच बसला होता. त्यांनी त्या माणसाशी व्यवहार थांबवला आणि तिचे निम्मे पैसे परत मिळवून दिले. तुझेही मिळतीलच असं मी म्हणत नाही. पण क्लबनं तुला फसवलं, की तुम्हा दोघांना तिसऱ्यानंच फसवलं, हे कळायच्या आधी तू क्लबवर रागावून निघून येणं मला पटत नाही.

आता क्लबविषयी. क्लब म्हटल्यावर तुझ्या डोळ्यासमोर दोन चित्रं असणार. एक आपल्या मुंबईचं. रेल्वे, बँका, पेट्रोलियम कंपन्या, पोलीस. खेळाडूचं नाव ऑफिसच्या हजेरीपटावर, महिना भरला की पगार, सकाळी चर्चगेटच्या टर्फवर प्रॅक्टिस, स्पर्धा आली की ड्युटी लीव्ह. आपल्याकडे खेळाडूचं पोट नोकरीवर चालतं आणि हॉकीला ऑफिस पोसतं. दुसरं चित्र टीव्हीवरचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला, हरमनप्रीत सिंगवर ७८ लाखांची बोली लागली, अर्जेंटिनात जन्मलेल्या आणि पुढे जर्मनीकडून खेळलेल्या गोन्झालो पेयातवर ६८ लाखांची. ते आकडे ऐकून परदेशी खेळाडू म्हणजे काय असतो, याचं एक स्वप्न तुझ्याही मनात तयार झालं असेल. तुझ्या वयाच्या कुणाचंही होईल.

तुझा क्लब या दोन्हींपैकी काहीच नाही. त्याच्या नावाच्या शेवटी 'e.V.' (उच्चार 'ए. फाउ.') अशी दोन अक्षरं आहेत का बघ. त्याचा अर्थ नोंदणीकृत संस्था. तिला मालक नसतो. सभासद असतात, त्यांची वर्गणी असते, वार्षिक सभा असते, सभेनं निवडलेली कार्यकारिणी असते आणि ती बहुतेक ठिकाणी बिनपगारी राबते. रविवारी मैदानाच्या कडेला टेबल मांडून केक आणि कॉफी विकणाऱ्या बायका तू बघितल्या असशील. त्या खेळणाऱ्या मुलांच्या आया आहेत, आणि त्या गल्ल्यातल्या पैशांतून मुलांचे चेंडू, बसचं भाडं असलं काहीबाही निघतं. तू काळाचौकीत वाढलास, तुला मी हे काय समजावू? हे आपलं मंडळ आहे. वर्गणीचं पुस्तक, खजिनदार, सगळ्यांवर खेकसणारा सेक्रेटरी, आणि दर संध्याकाळी मैदानात हुंदडणारी बारकी पोरं.

लालबाग-परळच्या एखाद्या मंडळानं कबड्डीच्या मोसमापुरता बाहेरगावचा चांगला रेडर आणला, तर त्याला काय देतात? राहायची सोय, जेवण, हातखर्च. आणि बदल्यात त्यानं संध्याकाळी पोरांच्या प्रॅक्टिसला उभं राहावं, एवढी अपेक्षा सगळेच धरतात. तुझंही तेच आहे. त्या दहा वर्षांच्या मुलांचे आईबाप वर्गणी भरतात म्हणून तुझी खोली आहे, सायकल आहे, साडेचारशे युरो आहेत. शिकवणं हे तुझ्या खेळावर लादलेलं जास्तीचं काम आहे असं तू समजतोयस. त्यांच्या हिशेबानं तू आधी शिकवणारा आहेस, मग त्यांचा फॉरवर्ड. आणि तुझ्या टीममधला डावा हाफ सकाळी काय करतो, कधी विचारलंस? कुणी इंजिनिअरिंगला असेल, कुणी विमा कंपनीत, कुणी शाळेत शिक्षक. तिसऱ्या पायरीवर हॉकीवर घर चालवणारं तिथे जवळपास कुणी नसतं. तुमच्या तीन ट्रेनिंग म्हणजे त्यांनी नोकरी आणि अभ्यासातून ओढून काढलेल्या तीन संध्याकाळी आहेत. ती मुलं ऑफिसमधून थेट येत असतील आणि तू दिवसभर खोलीत त्या वेळेची वाट बघत बसतोस. तुला ते तीन दिवस कमी वाटणारच.

हे सगळं तुला ऑगस्टच्या आधी सांगायला हवं होतं. 'थोडंसं' म्हणून चार संध्याकाळी लावायच्या, ही त्यांची चूक आहे आणि ती मी त्यांच्या बाजूनं मुळीच झाकणार नाही. तिचं काय करायचं ते सांगते.

पैशांचा हिशेब लेखी माग. ईमेलवर, सभ्य भाषेत, चार ओळींत. जर्मनीत भाड्याचे दोन आकडे असतात. 'काल्टमीटे' म्हणजे थंड भाडं, नुसत्या जागेचं. 'वार्ममीटे' म्हणजे गरम भाडं, त्यात हीटिंग, पाणी, इमारतीचा खर्च येतो. वीज बऱ्याचदा त्याहूनही वेगळी. 'राहणं फुकट' ऐकताना मुंबईच्या मुलाला हीटर आठवत नाही, आणि ज्यांचा जन्म हीटरशेजारी गेला त्यांना तो वेगळा सांगायचं सुचत नाही. तेव्हा दीडशे युरो कशाकशाचे, ते मागून घे. त्याहून महत्त्वाचं, सोबतच्या मुलाचे किती कापतात ते विचार. दोघांचे सारखे असतील तर तो खर्च आहे. तुझेच जास्त असतील तर मात्र भांडायला हवं, आणि त्यात मी तुझ्या बाजूनं आहे. त्याच ईमेलमध्ये आरोग्यविम्याचंही विचार. तिकडे विमा सक्तीचा असतो. कार्ड तुझ्या नावाचं आहे ना, हप्ता कोण भरतं, मॅचमधली दुखापत त्यात बसते का. आणि स्वतःच्या राहण्याच्या परवान्यावर कामाबद्दल काय लिहिलंय ते वाच. साधा शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसच राहू देतो आणि तू ऑगस्टपासून तिथे आहेस, म्हणजे तुझा परवाना लांब मुदतीचा असायला हवा. पण मुलांना शिकवून पैसे घेणं त्यात बसतं की नाही, हे एजंटच्या तोंडी भरवशावर सोडू नकोस.

आता मैदानातलं. इथे मला तुझ्याशी थोडं भांडायचंय.

सहा-सात मिनिटांत बाहेर काढतात, असं तू लिहितोस. आपल्या स्थानिक स्पर्धांत मुख्य स्ट्रायकर शिट्टीपासून शिट्टीपर्यंत आत असतो. बाहेर बोलावलं म्हणजे काहीतरी चुकलं, हे आपल्या अंगात इतकं भिनलंय की बेंचवर बसताना मान आपोआप खाली जाते. पण हॉकीत बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, आणि वेगवान लीगमध्ये फॉरवर्डला असंच वापरतात. सहा मिनिटं जीव तोडून प्रेस करायचा, समोरच्या फुलबॅकला मान वर करू द्यायची नाही, बाहेर येऊन दोन-तीन मिनिटं श्वास घ्यायचा आणि पुन्हा आत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मॅचचे व्हिडिओ क्लबकडे असतील. एक मागून घे आणि घड्याळ लावून मोज. तू एकूण किती मिनिटं आत होतास आणि तुझ्या बाजूचा जर्मन फॉरवर्ड किती. त्याचीही मिनिटं तुझ्याइतकीच निघाली, तर गेले तीन महिने जी शिक्षा समजून तू कुढतोयस ती शिक्षा नव्हतीच. तुझी खूप कमी निघाली, तर कोचशी बोलताना तुझ्या हातात रुसव्याऐवजी आकडा असेल.

ड्रिबलचंही तसंच. 'मला ड्रिबल का करू देत नाही' असं विचारू नकोस. मैदानाचा कागद समोर ठेव आणि म्हण, 'कुठे करू आणि कुठे नको, ते दाखवा.' आपल्या अर्धात चेंडू गेला की उलटा हल्ला होतो, म्हणून तिथे तो ओरडणार. पण डीत, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळात, बचावपटूला वळवून, चेंडू त्याच्या पायावर घालून पेनल्टी कॉर्नर काढून देणारा फॉरवर्ड कुठल्या कोचला नको असतो? मुंबईच्या मुलांच्या मनगटात ती करामत असते. त्यासाठीच त्यांनी तुला आणलं असेल. पण ती कुठल्या दहा यार्डांत हवी आहे, हे तुम्ही दोघं एकमेकांशी बोललेलाच नाहीत.

हे मी इतक्या खात्रीनं म्हणते, कारण मी विचारलं नव्हतं. बावीस वर्षांची असताना मी परदेशात एका क्लबकडून खेळायला गेले. मध्यात खेळवू म्हणाले होते आणि मला मागे उभं केलं. मला वाटलं, आशियातून आलेल्या मुलीला हे खिजगणतीतच धरत नाहीत. चार महिने मी मुकाट खेळले, रात्री उशीत तोंड खुपसून रडले आणि मोसम अर्ध्यावर टाकून परत आले. इथे सगळ्यांना सांगितलं, गुडघा दुखावला. पुष्कळ वर्षांनी त्या कोचची गाठ पडली. त्या म्हणाल्या, 'तुझा लांब पास आमच्यात सगळ्यात चांगला होता, मागून खेळ सुरू करायला मला तूच हवी होतीस. तुला आवडत नाही हे तू कधी बोललीच नाहीस.' परत आल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्या चार महिन्यांत एकदाही तोंड उघडलं नाही, याचं वाटतं.

पास देत नाहीत, याचं कारण कदाचित तुझ्या कानात आहे. आपण मुंबईत खेळताना सतत ओरडत असतो, 'छोड', 'मॅन ऑन', 'खाली आहे'. तू तिथे गप्प खेळत असशील, कारण काय ओरडायचं ते माहीत नाही. आणि गप्प फॉरवर्डला कुणी पास देत नाही, काळाचौकीतही नाही. 'लिंक्स' डावीकडे, 'रेष्ट्स' उजवीकडे, 'हिंटरमान' म्हणजे मागून माणूस येतोय, 'त्साइट' म्हणजे वेळ आहे, घाई नको. एवढ्या चार शब्दांवर पुढची ट्रेनिंग काढून बघ. बाकीची भाषा तुझी ती दहा वर्षांची पोरं शिकवतील. मोठी माणसं तुझ्याशी इंग्रजीत बोलून मोकळी होतात, मुलं तसं करत नाहीत. तू चुकलास की ती हसतील आणि बरोबर शब्द सांगतील. जर्मनच्या क्लासला लोक पैसे मोजतात. तुला आठवड्यातले चार दिवस त्याचेच मिळतायत.

हॉलमध्ये नाव नाही, याचा घाव सगळ्यात खोल दिसतोय. पण तू कधी हॉलमध्ये हॉकी खेळलायस का? आपल्याकडे ती नावालाच आहे. सहाजणांची टीम, मैदान जेमतेम चाळीस मीटर लांब आणि वीस रुंद, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या. हिट मारायची नाही, नुसतं पुश. गोलवर मारताना सोडून चेंडू उचलायचा नाही. फळीवर आपटून पास द्यायचा. पंचावन्न मीटर रुंद टर्फवर वाढलेल्या फॉरवर्डला ही वेगळी विद्या आहे, आणि जर्मन मुलं ती सात-आठ वर्षांची असल्यापासून गिरवतात. अरुंद जागेत चेंडू सांभाळायची त्यांची सवय इथून येते.

बर्फावरच्या हॉकीतला एक किस्सा इथे सांगते. खेळ निराळा, दुखणं तेच. क्रुतोव, लारिओनोव आणि मकारोव हे सोव्हिएत संघाचं जगानं धास्ती घेतलेलं त्रिकूट. १९८९ मध्ये तिघंही उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये गेले. त्यांचं सगळं आयुष्य तीस मीटर रुंद रिंकवर गेलेलं, आणि एनएचएलचा रिंक साधारण सव्वीस मीटरचा. चार मीटर गेले म्हणजे विचार करायची जागा गेली. पहिल्याच मोसमात मकारोवनं ८६ गुण (स्वतःचे गोल आणि गोलासाठी दिलेले पास मिळून) कमावले आणि एकतिसाव्या वर्षी तिथल्या सर्वोत्तम नवोदिताचं बक्षीस घेतलं. त्यावर इतका गदारोळ झाला की पुढे त्या बक्षिसाला वयाची अट घालावी लागली. क्रुतोवचं मात्र त्याच वर्षी व्हँकुव्हरमध्ये काही जमलं नाही. ६१ सामने, ३४ गुण, वाढलेलं वजन, घरची ओढ, आणि एका मोसमात तो बाहेर. दोघं एकाच संघात, एकाच ओळीत वर्षानुवर्षं खेळलेले. तेव्हा तुझं आत्ताचं पहिलं अर्ध तुझ्या गुणवत्तेबद्दल काही ठरवतंय, असं समजू नकोस. हॉलच्या ट्रेनिंगला जायची परवानगी माग. टीममध्ये नको, नुसतं सरावाला. फळीशी मैत्री झाली तर एप्रिलमध्ये मैदान उघडेल तेव्हा तू वेगळा खेळाडू असशील.

आणि तो अर्जेंटिनाचा मुलगा. त्याच्याबद्दल तू फक्त 'सोबत आहे' इतकंच लिहिलंस. जणू खोलीतलं कपाट. १९९० मध्ये यारोमिर यागर नावाचा अठरा वर्षांचा चेक मुलगा पिट्सबर्गला गेला. इंग्रजी येत नव्हतं, घरच्या आठवणीनं तो खचला होता. त्या डिसेंबरात क्लबनं काय केलं माहितीये? कॅल्गरीहून यिर्झी हर्दिना हा बत्तीस वर्षांचा चेक खेळाडू आणला. हर्दिना काही गोलांचा पाऊस पाडणारा नव्हता. पण यागरला बोलायला माणूस मिळाला. १९९१ आणि १९९२, दोन्ही वर्षी तो क्लब स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला आणि यागर पुढे एनएचएलच्या इतिहासात गुणांच्या यादीत दुसरा झाला. तुझ्या क्लबच्या खजिन्यात हर्दिना आणायचे पैसे नाहीत. पण एक मुलगा आधीच तुझ्या खोलीत आहे, तुझ्याइतकाच लांबून आलेला, तितकाच उपाशी. आज वरण-भात टाक आणि त्याला वाढ. कसं करायचं माहीत नसेल तर आईला विचार, त्या निमित्तानं तरी खरं बोलणं होईल. पेयातही असाच अर्जेंटिनाहून जर्मनीतल्या क्लबमध्ये गेला होता. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचं सुवर्ण अर्जेंटिनाकडून आणि २०२३ चा विश्वचषक जर्मनीकडून, असं दोन्ही त्याच्याकडे आहे. तुझ्या सोबत्याला त्याच्याबद्दल विचार, तो रात्रभर बोलेल.

परदेशी खेळाडूच्या पदरी निराशा येते ती फक्त तिकडेच, असंही नाही. २०१३ च्या जानेवारीत हॉकी इंडिया लीगच्या पहिल्या मोसमासाठी नऊ पाकिस्तानी खेळाडू आले होते, त्यातले चार मुंबईच्या संघात. सीमेवर तणाव होता, निदर्शनं झाली, आणि मोसम सुरू होतो न होतो तोच त्यांना परत पाठवलं. २०२४-२५ मध्ये दिल्ली, हैदराबाद, तमिळनाडू अशी नावं मिरवणाऱ्या संघांत जे परदेशी खेळाडू आले, त्यांचे सामने झाले राउरकेला आणि रांचीत. ज्या ठिकाणाच्या नावाची जर्सी घातली, ते ठिकाण अनेकांनी खेळताना बघितलंच नसेल. त्या परत पाठवलेल्या खेळाडूंच्या हातात काही नव्हतं. म्हणून मला वाटतं, ज्याच्या हातात थोडंतरी आहे त्यानं ते वापरून बघावं. तुझ्या हातात एक ईमेल, एक व्हिडिओ, कोचबरोबरचा अर्धा तास आणि चार जर्मन शब्द आहेत.

आणि मुंबईत विचारायला माणसं आहेत रे. खडकीचा धनराज पिल्ले जर्मनी, फ्रान्स, मलेशिया, बांगलादेश असा कुठे कुठे क्लब हॉकी खेळला. आपल्या मरीन लाइन्सच्या युवराज वाल्मीकीनं जर्मन लीगचे दिवस काढले. तुझ्या ऑफिसच्या टीममध्ये, चर्चगेटच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या सीनियर लोकांत, एखादा तरी असेल ज्यानं जर्मनीतला नोव्हेंबर बघितलाय. त्याला फोन कर. तो तुला हसणार नाही.

अंधाराबद्दल लिहिलंस, जेवावंसं वाटलं नाही असं लिहिलंस, ते मी नुसतं वाचून सोडलेलं नाही. एखादा दिवस असं होतं. पण हे आठवडे चाललं असेल, झोप उडाली असेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, तर क्लबमधल्या कुणाला तरी सांग आणि डॉक्टरकडे जा. सभासदांत एखादा डॉक्टर बहुधा असतोच. दुपारी उजेड असतो तेव्हा खोलीबाहेर पड, सायकल काढ, रोज. आणि त्यातूनही काही सुधारलं नाही, तर पुढचं सगळं बाजूला ठेव आणि घरी ये. त्याला माझी कसलीच हरकत नाही.

तसं नसेल, तर माझं मत, ख्रिसमसला कायमचं येऊ नकोस. दीड लाख गेलेत, पगार गेलाय, किंमत तू पूर्ण मोजली आहेस आणि मोसम अजून अर्धाच बघितलायस. मधल्या सुट्टीत तिकिटावर पैसे घालवण्यापेक्षा ते आईच्या हप्त्याला पाठव. जानेवारीच्या पंधरा तारखेपर्यंत मुदत दे. तोवर पैशांचा लेखी हिशेब आला, विम्याचं कार्ड हातात पडलं, शिकवण्याच्या संध्याकाळी चाराच्या तीन करायला ते तयार झाले आणि कोच तुझ्याशी मैदानाचा कागद घेऊन बसले, तर मेपर्यंत राहा. हिशेबच देत नसतील, विमा नसेल, उत्तर टाळत असतील, तर सामान बांध आणि ये. मात्र त्याआधी ऑफिसला लिहून विचारून ठेव, रजा मध्येच संपवून लवकर रुजू होता येतं का. नोकरीचा राजीनामा कुठल्याही परिस्थितीत देऊ नकोस, मग तिकडून कुणी काहीही कबूल करो.

लोकांचं विचारलंस. चाळीत लोक आठवडाभर बोलतील, मग त्यांना दुसरा विषय मिळेल. मला काळजी आईची आहे. तिला तू टर्फचे फोटो दाखवतोस आणि ती हप्ता भरते. तिला सांग की लीग तिसऱ्या पायरीची आहे, मी पोरांना शिकवतो, पैसे कमी मिळतात, हॉलच्या टीममध्ये घेतलेलं नाही, आणि मी अजून प्रयत्न करतोय. या रविवारी सकाळी कर फोन, आपल्या दुपारी, ती जेवून निवांत बसलेली असेल तेव्हा. व्हिडिओ कॉल कर, आणि खोली दाखव, टर्फ नको.

– तुझी ताई